शरीरातल्या कात्र्यांना आवर

आपल्या शरीरात असंख्य सूक्ष्म कात्र्या अहोरात्र चालू असतात. आतड्यात अन्नातली प्रथिने पचतात, जखमेवर रक्त गोठते, पांढऱ्या पेशी जंतूंचा फडशा पाडतात. या साऱ्यामागे प्रथिने कापणारी एन्झाइम्स असतात. त्यांतल्या एका मोठ्या घराण्याचे नाव सेरीन प्रोटिएज. पण कात्री मोकाट सुटली, तर ती घरच्यांनाच कापते. म्हणून तिला आवरणारी प्रथिनेही शरीर स्वतःच बनवते. ती म्हणजे सेरीन प्रोटिएज रोधक.

हरवलेली रेघ

स्वीडनमध्ये कार्ल-बर्टिल लॉरेल रक्तातली प्रथिने कागदी पट्टीवर वेगळी करून तपासत असत. सुमारे १,५०० नमुन्यांपैकी पाचांत एक नेहमीची रेघ जवळजवळ दिसतच नव्हती. तरुण सहकारी स्टेन एरिक्सन यांच्या मदतीने त्यांनी या रुग्णांची माहिती काढली. पाचांपैकी तिघांची फुफ्फुसे कमी वयातच निकामी होत चालली होती. १९६३ साली हा शोध प्रसिद्ध झाला. हरवलेल्या प्रथिनाचे नाव होते अल्फा-१ अँटिट्रिप्सिन.

हे प्रथिन मुख्यतः यकृतात तयार होते आणि रक्तावाटे फुफ्फुसांत पोहोचते. तिथे ते उंदराच्या सापळ्यासारखे काम करते. पांढऱ्या पेशींतले इलास्टेज हे एन्झाइम त्याच्या आमिषाला चावा घेते. त्याच क्षणी सापळा मिटतो आणि एन्झाइम कायमचे निकामी होते. हा सापळा नसेल, तर इलास्टेज फुफ्फुसातल्या वायुकोशांच्या लवचिक भिंतीच कुरतडते.

आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आले, तर धोका अधिक. सर्वपरिचित दोषात प्रथिनाची घडी चुकते आणि ते यकृतातच अडकून पडते. त्यामुळे काहींचे, अगदी लहान मुलांचेही, यकृत बिघडते. हा दोष मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो, भारतात तो विरळ आहे.

धुराचा घाव

पण विडी-सिगारेट ओढणाऱ्याने निर्धास्त राहू नये. धुरामुळे निरोगी माणसाचा हा सापळाही बोथट होतो. शिवाय चिडलेल्या फुफ्फुसांत पांढऱ्या पेशींची गर्दी होते, म्हणजे कात्र्या वाढतात. ज्यांच्यात हे प्रथिन मुळातच कमी, त्यांचे तर दुहेरी नुकसान.

अमेरिकेत १९८७ साली दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेल्या या प्रथिनाला औषध म्हणून मान्यता मिळाली. ते शिरेतून, साधारणतः आठवड्याला एकदा देतात. त्याने फुफ्फुसांची झीज मंदावते, झालेली हानी मात्र भरून येत नाही. आता जनुकातली चूकच दुरुस्त करण्याचे प्रयोग रुग्णांवर सुरू झाले आहेत.

याच घराण्यातला अँटिथ्रॉम्बिन कमी पडला, तर नको तिथे रक्ताच्या गुठळ्या होतात. एका रोधकाचा अभ्यास म्हणूनच अनेक आजारांची दारे उघडतो.

दम लागणे हा वयाचाच दोष समजून आजार अंगावर काढू नका. घरात कुणाला तरुणपणीच दम लागत असेल, तर डॉक्टरांना विचारा. हे प्रथिन कमी आहे की नाही, ते रक्ताच्या साध्या तपासणीत कळते. आणि धूर आजच सोडा. त्यासाठी कुठल्याही तपासणीची वाट पाहावी लागत नाही.