बीजिंग-शिआन मार्गावरचे एक स्टेशन

चीनच्या सहलीचे छापील कार्यक्रम बहुतेक सारखेच असतात. बीजिंगचा राजवाडा आणि भिंत, शिआनचे मातीचे सैन्य, सुचौच्या बागा, क्वेलिनची नदी, शेवटी शांघायची रोषणाई. ही ठिकाणे पाहावीतच. सुचौची झुओझेंग बाग तर घाईने पाहण्यासारखी नाहीच. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला नोकरी सोडून घरी आलेल्या वांग शियानचेन या अधिकाऱ्याने ती उभारली. बागेच्या तळ्याकाठी उभे राहिले की दूरवरचा उत्तर मंदिराचा मनोरा जणू आतलाच वाटतो. कुंपणाबाहेरचे दृश्य बागेत सामावून घेण्याची ही चिनी हातोटी आहे.

मला मात्र वर्षानुवर्षे ओढ आहे ती दुसऱ्याच एका वाटेची. आमच्या राळेगावचा माणूस लांबच्या प्रवासाला निघाला की पहिला टप्पा बहुधा नागपूर. या वाटेवर निघालेले डॉ. मोरेश्वर चोळकर नागपूरचेच. १ सप्टेंबर १९३८ रोजी जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसचे वैद्यकीय पथक मुंबईहून बोटीने निघाले. पाच डॉक्टर होते : प्रमुख मदन अटल, उपप्रमुख चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, विजय बसू आणि देबेश मुखर्जी. कोटणीस घराघरांत पोचले, शांतारामबापूंनी त्यांच्यावर १९४६ मध्ये चित्रपटही काढला. चोळकर १९३९ मध्ये मायदेशी परतले आणि विदर्भालाही त्यांचा विसर पडला. पथकातले ते वडीलधारे. त्या वयात युद्धात उतरलेल्या माणसाचे नाव आपल्या शाळांत घेतले जात नाही, याची मला खंत वाटते.

१७ सप्टेंबरला पथक कॅन्टनला, म्हणजे आजच्या ग्वांगझोला, उतरले. महिन्याभरानंतर ते शहर जपान्यांनी घेतले आणि काही दिवसांत हांकोही, म्हणजे आजच्या वूहानचा एक भाग, पडले. पथक तोवर हांकोहून यांगत्सेच्या काठाने इचांग आणि मग चुंगकिंगकडे सरकत होते. इचांगच्या वरच्या अंगाला नदीच्या तीन प्रसिद्ध घळया आहेत. हल्लीचे पर्यटक तिथे आरामबोटीने फिरतात, पण त्या काळचे काठ आता पाण्याखाली आहेत. २००३ पासून धरणात पाणी साठू लागले आणि जुन्या वस्त्या बुडाल्या. हांकोसमोर, नदीपलीकडे वूचांगला आज सगळे ज्याचे फोटो काढतात तो पिवळ्या करकोच्याचा मनोराही या डॉक्टरांना दिसला नसणार. जुना १८८४ मध्ये जळाला होता, आताचा १९८५ चा आहे.

चुंगकिंगला कोटणिसांना वडील गेल्याची बातमी मिळाली. ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक चिनी कम्युनिस्टांच्या तळावर, येनानला पोचले. पुढे कोटणीस आघाडीवर गेले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, हपै प्रांतातल्या तांग परगण्यात वारले.

त्यांचे स्मारक आहे शिजियाझुआंगच्या हुतात्मा उद्यानात. ज्यांच्या नावाचे ते रुग्णालय होते, त्या कॅनडाच्या डॉ. नॉर्मन बेथ्यून यांची समाधीही त्याच आवारात. बीजिंगहून शिआनला जाणारी वेगवान गाडी २०१२ पासून याच शहरावरून धावते. बीजिंग सोडल्यावर सव्वा-दीड तासात ते येते. सहलीचे अनेक गट हाच प्रवास करतात. खिडकीतून शिजियाझुआंग मागे पडते आणि गटातल्या कुणाला काही सांगितले जात नाही. हे मला अक्षम्य वाटते. सकाळच्या गाडीने निघून तिथे उतरावे, उद्यानात फुले ठेवावीत आणि दुपारच्या गाडीने शिआन गाठावे. कार्यक्रमातला एकही राजवाडा त्यासाठी गाळावा लागत नाही.

भारत-चीन थेट विमाने २०२० मध्ये थांबली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली तेव्हा पहिले विमान कोलकात्याहून ग्वांगझोलाच उतरले, जिथे चोळकर आणि कोटणीस उतरले होते तिथेच. सहल आखणाऱ्या मंडळींनी आता ग्वांगझोपासून सुरुवात करावी आणि गाइडला या पाच डॉक्टरांची नावे आधीच लिहून द्यावीत, चोळकरांच्या नावासकट.