पाचवी नदी : पाठ केलेले उत्तर आणि सुटलेले कोडे

'पंचगंगा कोणकोणत्या नद्यांच्या संगमातून तयार होते?' हा प्रश्न कोल्हापुरात प्राथमिक शाळेपासून पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेपर्यंत माणसाचा पिच्छा पुरवतो. उत्तर एका दमात येते : कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती. गुण मिळतो आणि पुढचा प्रश्न समोर येतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर? कळसूबाई, १६४६ मीटर. प्रौढ माणसाच्या शरीरातील हाडे? २०६. 'नदी'चे समानार्थी शब्द? सरिता, तटिनी, तरंगिणी. भूगोल, शरीर आणि शब्द यांची ही सरमिसळ आपण 'सामान्य ज्ञान' या नावाने ओळखतो.

या ज्ञानाला नाके मुरडणे सोपे आहे. पण हे प्रश्न मुळात फुटकळ नाहीत, हे इथे मांडायचे आहे. जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात एक कोडे दडलेले असते. आपण उत्तर ठेवले आणि कोडे टाकून दिले. त्याची किंमत कधीकधी फार मोठी असते.

न दिसणारी नदी

पंचगंगेपासूनच सुरुवात करू. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे संगम आहे आणि तिथून पुढे नदीला पंचगंगा म्हणतात. यादीतल्या चार नद्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येतात. पाचवी, सरस्वती, दाखवता येत नाही. ती गुप्त आहे, असे परंपरा सांगते. म्हणजे परीक्षेत पूर्ण गुण मिळवून देणाऱ्या उत्तराचा पाचवा हिस्सा भूगोलाचा नाही, श्रद्धेचा आहे.

मग पाचवी नदी हवीच का होती? याचे उत्तर गावाच्या नावात सापडते. उत्तरेतील प्रयागाला गंगा आणि यमुना दिसतात. तिसरी सरस्वती गुप्त मानली जाते, तरी संगम 'त्रिवेणी'च म्हणवतो. काशीला पंचगंगा घाट आहे. तिथे पाच नद्यांचा संगम सांगतात, पण डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री अशी पाच नावे घेतात. 'प्रयाग' आणि 'पंचगंगा' हे तीर्थांचे ठरलेले साचे आहेत. करवीरला दक्षिण काशी म्हणणाऱ्या लोकांनी आपल्या चार नद्या त्या साच्यात बसवल्या आणि उरलेली जागा सरस्वतीने भरून निघाली, असे मानायला भरपूर जागा आहे. साधी पाठ करण्याची यादी, पण तिच्यात तीर्थयात्रेचा केवढा तरी इतिहास मुरलेला आहे.

उरलेल्या चार नावांतही अर्थ आहे, आणि तो जास्त तातडीचा आहे. कासारी शाहूवाडीच्या डोंगरातून येते, कुंभी गगनबावड्याकडून, तर तुळशी आणि भोगावती राधानगरी तालुक्यातून. चारही नद्या सह्याद्रीच्या धो-धो पावसाच्या पट्ट्यातल्या. म्हणजे ही चार नावे पावसाच्या चार दिशा आहेत. गगनबावड्यात झड लागली की कुंभी फुगणार. राधानगरी धरण भरून त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावती वाढणार. आणि हे सारे पाणी कोल्हापूरच्या उंबऱ्याशी एकत्र येणार. नावे पाठ असलेल्या मुलाला एवढे सांगितले, तर ती यादी राहत नाही. पुराची पूर्वसूचना होते.

फुटांची आणि अंगाची मापे

पावसाळ्यात कोल्हापुरात एकच सामान्य ज्ञान चालते : 'पाणी किती फुटांवर?' राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये पाणी पन्नास फुटांच्याही वर गेले. पुणे-बंगळुरू महामार्ग बंद पडला आणि शहराचे बेट झाले.

पण जुना कोल्हापूरकर आकडा ऐकून थांबत नाही. पाणी सुतारवाड्यात शिरले का, जामदार क्लबपर्यंत आले का, असे तो विचारतो. आकडा त्याला जागेत बदलून हवा असतो. आणि जागा सांगून झाली की माप अंगावर येते : घोट्याएवढे, गुडघाभर, कंबरभर, छातीभर, गळ्याशी आलेले, पुरुषभर पाणी. या मापांना पट्टी लागत नाही. माणसाने काय करावे, हे त्या मापातच सांगितलेले असते. गुडघाभर पाण्यातून म्हातारीला हाताला धरून नेता येते. छातीभर पाण्यात मूल खांद्यावर घ्यावे लागते. पुरुषभर पाण्यात होडीच हवी.

बोट, वीत, हात, मूठ, चिमूट, ओंजळ, पसा ही सारी त्याच घराण्यातली मापे. गंमत अशी, की सरकारी पट्टीवरचा 'फूट'देखील मुळात इंग्रजीतले पाऊलच आहे. पाऊल म्हटले की नृसिंहवाडी आठवते. तिथे पंचगंगा कृष्णेला मिळते. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते आणि हा दक्षिणद्वार सोहळा म्हणून पाळला जातो. भाविकांसाठी तो पुण्यस्नानाचा योग असतो. पण दुसऱ्या अंगाने पाहिले, तर देवाची पावले ही संगमावरची पाणीपट्टीच आहेत. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकायला जागा उरत नाही, ते मागे तुंबते. वाडीची खबर म्हणूनच कोल्हापूरलाही महत्त्वाची.

२०६ हाडे आणि कानातला लोहार

आता शरीराकडे वळू. 'माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात' हे विधान प्रौढांपुरतेच खरे आहे. नवजात बाळाला सुमारे ३०० हाडे असतात. वाढताना त्यांतली बरीच एकमेकांना जुळतात. हे ऐकून विद्यार्थ्याला नवल वाटते. आजीला वाटत नाही. बाळाची टाळू भरताना तिच्या बोटाखाली जो मऊ भाग लागतो, तो कवटीची हाडे अजून जुळली नसल्याची खूण असतो. बहुधा दीड वर्षाच्या सुमारास ती फट बुजते. पुस्तकात जो आकडा आहे, तो आजीच्या तळहाताखाली घडत असतो.

या २०६ मधले सर्वांत लहान हाड कानात असते, जेमतेम तीन मिलिमीटर उंचीचे. मराठी पाठ्यपुस्तकांत कानातल्या तीन हाडांना हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी नावे आहेत. लॅटिन नावांचाही हाच अर्थ. लोहाराचा हातोडा, त्याखालची ऐरण आणि घोडेस्वाराचा पाय ठेवायची रिकीब. पहिले दोन शब्द भात्याशेजारचे, तिसरा अरबी-फारसीतून घोड्यावर बसून मराठीत आलेला. आवाजाने कानाचा पडदा थरथरतो, हातोडा ऐरणीला हलवतो, ऐरण रिकिबीला आणि रिकीब तो थरथराट आतल्या कानात पोचवते. नावे अवजारांच्या आकारावरून पडली, पण काम सांगायलाही तीच उपयोगी पडतात. 'जिथे लोहार नाही, घोडा नाही, तरी हातोडा, ऐरण आणि रिकीब आहे, असे गाव कोणते?' असे विचारले, तर प्रश्नपत्रिकेतली तीन रुक्ष नावे क्षणात कोडे होतात आणि मूल आपला कान चाचपते.

नाव न घेता नाव

कोड्याला मराठीत अनेक नावे आहेत. कोडे, कूट, विदर्भात आहणा, गोवा-कोकणात हुमाण. आणि उखाणा. आज उखाणा म्हटले की लग्नात घ्यायचे नाव आठवते. पण उखाणा म्हणजे कोडेही, आणि शेजारच्या गुजरातीत 'उखाणुं' म्हणजे आजही कोडेच. दोन्हींचे नाते सरळ आहे. नवऱ्याचे नाव थेट घ्यायचे नसे, म्हणून ते आडवळणाने घ्यायचे. कोड्यातही वस्तूचे नाव घ्यायचे नसते; तिची लक्षणे सांगायची आणि नाव समोरच्याकडून काढून घ्यायचे.

ही विद्या जुनी आहे. चौसष्ट कलांमध्ये प्रहेलिकेचा समावेश आहे. दंडीने 'काव्यादर्शा'त तिचे सोळा प्रकार सांगितले आहेत. महाभारतात यक्षाच्या प्रश्नांवर चार भावांचे प्राण अवलंबून असतात. महाराष्ट्राच्या गावागावांत हीच परंपरा कलगी-तुऱ्याच्या फडात उभी राहिली. शक्तीचा मोठेपणा सांगणारे कलगीवाले, शिवाचा सांगणारे तुरेवाले. भेदिक लावणीतून एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने जवाब द्यायचा. त्या सवालांत पुराणे असत, पिंड-ब्रह्मांडाचा विचार असे, नऊ दारांचे नगर म्हणून शरीर असे. पुढे तमाशाच्या सवाल-जवाबातून ती चुरस रंगमंचावर टिकली आणि १९६४च्या 'सवाल माझा ऐका!' या चित्रपटापर्यंत पोचली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसांची ही सामान्य ज्ञानाची परीक्षा होती. तिच्यात चार पर्याय नसत. उत्तर द्यायचे तर ते उलगडून दाखवावे लागे.

कोडे आणि परीक्षेतला प्रश्न यांत इथेच फरक पडतो. परीक्षेतल्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर विचार करून सापडत नाही. कोड्याचे उत्तर नेहमी ऐकणाऱ्याच्या आसपासच असते : दात, जीभ, सावली, पापण्या, कांदा, नारळ, जाते, रवी, मोट. फक्त नीट पाहावे लागते. म्हणून वस्तू घरातून गेली की तिचे कोडेही मरते. मोटेचे कोडे आज कोण सोडवणार? विहिरीवर मोट चालताना पाहिलेले डोळेच संपत आले. पाठ केलेल्या उत्तराचे उलटे आहे. वस्तू असो-नसो, उत्तर कागदावर टिकते. कधी शिळे होऊनही. १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, २०१४मध्ये पालघर झाल्यावर ते ३६ झाले. आकडा पाठ असणाऱ्याला तो बदलावा लागला. नवे जिल्हे का होतात, हे ज्याला समजले, त्याला आकडा बदलल्याचे नवल वाटले नाही.

समानार्थी नसलेले शब्द

शेवटी शब्दांविषयी. सरिता, तटिनी, तरंगिणी हे शब्द सुंदर आहेत, पण ते सारे एकाच गोष्टीचे अलंकार आहेत. त्यांपैकी एकही नदीकाठी राहणाऱ्याच्या रोजच्या कामाचा नाही. त्याचे शब्द वेगळे : ओघळ, ओढा, नाला, डोह, उतार, पाणवठा, मळी, माळ. यांतले कोणतेही दोन समानार्थी नाहीत. उतार म्हणजे जिथून नदी पायी ओलांडता येते ती जागा. डोह म्हणजे जिथे पाय ठेवायचा नाही ती. मळी म्हणजे पुराच्या गाळाने पोसलेली काठची जमीन. तिथे पीक घ्यायचे, वस्ती करायची नाही. वस्ती उंचावर. 'मळी' हा एक शब्द म्हणजे पूररेषेचा आखलेला नकाशाच होता. नदीने तिथे गाळ आणून टाकला आहे, म्हणजे ती तिथे येऊन गेली आहे आणि पुन्हा येणार आहे, एवढे त्यात सांगितलेले होते.

हा शब्द जिभेवरून गेला की जमीन फक्त 'प्लॉट' होते. ओढ्याला 'गटार' म्हणू लागलो की त्यावर स्लॅब टाकताना हात कचरत नाही. मग पाणी घरात शिरले की आपण नदीने अतिक्रमण केले असे म्हणतो. पंचगंगेच्या काठच्या पिढीला 'नदी'चे दहा प्रतिशब्द लिहिता यावेत आणि मळी कशाला म्हणतात हे सांगता येऊ नये, ही केवळ भाषेची हानी नाही.

उपाय अवघड नाही आणि त्यासाठी अभ्यासक्रम बदलायची वाट पाहायला नको. प्रत्येक उत्तरामागे 'कशावरून?' एवढा एक प्रश्न जोडायचा. पाच नद्या सांगितल्या? पाचवी कुठे दिसते? हाडे २०६? बाळाची का जास्त? धोका पातळी ४३ फूट? त्या दिवशी आपल्या गल्लीत पाणी कुठवर येते? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात छापलेले नाही. ते गल्लीतल्या जुन्या भिंतीवरच्या ओलीच्या रेषेत आहे, आणि २०१९ व २०२१ पाहिलेल्या माणसांपाशी आहे. ती माणसे अजून आपल्यात आहेत. तोवर विचारून घ्यावे.