संत झेवियर यांचा देह आणि गोव्यात जाळलेला दंतधातू

भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर दोण ब्राह्मणाने त्यांच्या शरीरधातूंचे आठ भाग केले आणि त्यांवर स्तूप उभे राहिले, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहे. तेव्हा कॅथलिक ख्रिस्ती परंपरेतील अवशेषभक्ती ही निव्वळ अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणे निदान आपणांस तरी शोभणारे नाही. तिचे स्वरूप आम्ही येथे गोव्याच्या उदाहरणावरून पाहणार आहोत.

फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यास आले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर निधन पावले. पुढे अस्थी नेता याव्यात म्हणून शवपेटीत चुना भरला होता. परंतु सुमारे अडीच महिन्यांनी पेटी उघडली असता देह कुजलेला नव्हता, असे त्या काळच्या मंडळींनी लिहून ठेवले. मलाक्कामार्गे तो देह १५५४ च्या मार्चमध्ये गोव्यात पोहोचला. १६१४ मध्ये उजव्या हाताचा कोपराखालील भाग कापून रोमला नेण्यात आला. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. आज हा देह जुन्या गोव्यातील बॉम जेझू चर्चमध्ये चांदीच्या पेटीत आहे.

कॅथलिक मताप्रमाणे आराधना फक्त ईश्वराची. संतांना द्यावयाचा तो आदर. मात्र संत ईश्वरापाशी जिवंत असून भक्तासाठी रदबदली करतो, आणि त्याचा देह अंतिम दिवशी पुन्हा उठणार आहे. म्हणून अवशेष पवित्र! धातुवंदनेत अशी मध्यस्थी अभिप्रेत नाही; बुद्ध कोणाकडेही रदबदली करीत नाहीत. हा भेद मूलभूत आहे. (नवस बोलणारा भाविक तो दोन्हीकडे विसरतो, ही गोष्ट निराळी.)

पालक संत म्हणजे काय, हे १६८३ मध्ये दिसले. संभाजी महाराजांची फौज गोव्यावर आली, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयने शवपेटी उघडवून आपला अधिकारदंड संताच्या हाती ठेवला. मुघल शहाजादा शाहआलम चालून आल्याने मराठे परतले. श्रेय मात्र 'गोंयच्या सायबा'ला मिळाले.

परंतु याच शहरात दुसरा एक अवशेष आला होता. १५६० मध्ये व्हाइसरॉय दों कोन्स्तांतीनो द ब्रागान्सा यांनी जाफनावर स्वारी केली आणि बुद्धांचा म्हणून पूजिला जाणारा दात गोव्यास आणला. ब्रह्मदेशातील पेगूच्या राजाने त्यासाठी प्रचंड द्रव्य देऊ केले. तिजोरी रिकामी असल्याने अधिकाऱ्यांना मोह झाला, पण आर्चबिशप गास्पार यांनी मूर्तिपूजेला साह्य होईल म्हणून विरोध केला. अखेर तो दात खलबत्त्यात कुटला, जाळला आणि राख नदीत टाकली, असे इतिहासकार दियोगु दु कोतो सांगतो. त्या वेळी झेवियर यांचा देह गोव्यातच जपून ठेवलेला होता.

आर्चबिशपांना अवशेष ही वस्तूच क्षुद्र वाटत होती, असे नव्हे. क्षुद्र मानली असती तर त्यांनी ती खुशाल विकू दिली असती. तिच्यात माणसे बांधून ठेवण्याचे सामर्थ्य आहे हे ते जाणून होते, आणि ते सामर्थ्य परधर्मीयांच्या हाती जाऊ द्यावयाचे नव्हते. पुढे दोनच वर्षांनी, १५६३ मध्ये, ट्रेंटच्या धर्मपरिषदेने संतांच्या अवशेषांस वंदन न मानणाऱ्यांचा निषेध केला.

श्रीलंकेच्या परंपरेनुसार गोव्यात जाळला गेला तो खरा दंतधातू नव्हताच. खरा कँडीच्या दलदा मालिगावात आहे.