दोरी तिच्या हाती, वारा शिडात

पावसाळ्यात सूर्यमाळच्या माथ्यावर वारा सुटला की पदर सावरणं मुश्कील! याच वाऱ्याच्या जोरावर कुणी पदक मिळवेल, असं आपल्या मनात तरी येतं का? पण मैत्रिणींनो, २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मुंबईच्या श्वेता शेरवेगारने चेन्नईच्या वर्षा गौतमसोबत शिडाच्या होडीत रौप्यपदक पटकावलं.

त्यांची होडी ‘फोर्टीनाइनर एफएक्स’ प्रकारची. लांबी जेमतेम पाच मीटर. इंजिन नाही, वल्हंही नाही. वारा शिडाला रेटतो आणि होडी कलंडू लागते. ती उलटू नये म्हणून दोघी कमरेच्या हुकाने तारेला अडकून, होडीच्या काठावर पाय रोवून पाण्यावर चक्क आडव्या होतात. एकीच्या हातात सुकाणू, दुसरीच्या हातात शिडाच्या दोऱ्या. वळताना दोघींनी एकदमच बाजू बदलायची. एकीचा पाय चुकला की दोघी पाण्यात!

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या तळ्यांवर तर ‘ए स्काउ’ नावाच्या ३८ फुटी, सपाट तळाच्या होड्या पळतात. सुकाणू दोन, माणसं सहा-सात. होडी मुद्दाम थोडी कलती ठेवतात. तळाचा कमी भाग पाण्याला टेकतो आणि वेग वाढतो. कुणी शीड सांभाळतं, कुणी येणाऱ्या झुळकेवर नजर ठेवतं. लग्नघरातल्या स्वयंपाकासारखंच हे; प्रत्येकीला आपलं काम न सांगता कळलं पाहिजे.

म्हणजे यासाठी समुद्रच हवा असं नाही. त्याच जकार्तात कांस्यपदक जिंकणारी सोळा वर्षांची हर्षिता तोमर भोपाळच्या तलावावर तयार झाली.

आणि आपल्याकडे? वैतरणेवरच्या धरणांतून मुंबईला पाणी जातं आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायाबापड्या हंडे घेऊन वणवण करतात. लेकींचं पाण्याशी नातं काय, तर ते डोक्यावरून वाहायचं. मुलगा विहिरीत सूर मारतो तेव्हा कौतुक, मुलगी उतरली की “बाहेर ये आधी!”

पिण्याच्या पाण्याच्या धरणात होड्या सोडा, असं कुणी म्हणणार नाही. पण शिडाच्या होडीची पहिली पायरी म्हणजे पोहणं. जीव वाचवणारी विद्या आहे ती. पुढच्या पालकसभेत एवढं तरी विचारा, “मुलींना पोहायला कोण शिकवणार?” दोन-चार आया एकदम उभ्या राहिल्या, तर उत्तर द्यावंच लागेल.