संकेतस्थळाची तालीम



परीक्षेचा निकाल पाहणे, आगगाडीचे तिकीट काढणे, विजेचे बिल भरणे ही कामे आता घरबसल्या होतात. ती ज्यांच्या योगे होतात, त्या प्रोग्रॅमांस वेब ॲप्लिकेशन म्हणतात. हे प्रोग्रॅम चालतात दूरच्या सर्व्हरवर. घडतात मात्र कोणाच्या तरी मेजावरील साध्या संगणकावर. त्या साध्या संगणकावर कामाची मांडणी कशी करावी आणि ती इतक्या काळजीने का करावी, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे. पायथन भाषा शिकू लागलेल्या वरच्या वर्गांतील मुलांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईल. पालकांनाही आपली मुले पडद्यासमोर बसून नेमके काय करीत आहेत, याची थोडीबहुत कल्पना येईल.

जत्रेचे नाटक रंगमंचावर येण्यापूर्वी त्याची तालीम होते, हे गोव्यातील मुलांस निराळे सांगावयास नको. तालमीत संवाद चुकला तर कोणाचे नुकसान होत नाही, कारण प्रेक्षक अद्याप आलेले नसतात. तथापि तालीम एका संहितेची आणि प्रयोग दुसऱ्या संहितेचा, असे झाले तर ती तालीम व्यर्थ होय. आपल्या संगणकावरील मांडणीचेही असेच दोन धर्म आहेत : चुका करण्याची मुभा, आणि प्रत्यक्ष प्रयोगाशी साम्य. पुढील सर्व विवेचन या दोहोंभोवती फिरते.

उदाहरण म्हणून आम्ही ‘जँगो’ हे फ्रेमवर्क घेतो. फ्रेमवर्क म्हणजे घराचा आयता सांगाडा. खांब-तुळया उभ्या असतात. भिंती, दारे आणि खोल्यांची रचना आपण करावयाची. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे शहर आहे. तेथील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या संकेतस्थळासाठी एड्रियन होलोवाटी व सायमन विलिसन यांनी २००३ साली या कामास आरंभ केला. वृत्तपत्राचे काम म्हणजे सदा घाईचे. नवी सोय चटकन उभी करून द्यावी लागे. त्यातून वारंवार लागणारे भाग एकत्र झाले आणि जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले करण्यात आले. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे नाव त्यास देण्यात आले. रोमन लिपीत त्या नावाचा आरंभ ‘डी’ या अक्षराने होतो, पण त्याचा उच्चार करीत नाहीत.

आता आपण शाळेच्या ग्रंथालयाची देवघेव नोंदविणारे एक छोटे ॲप्लिकेशन करावयाचे योजिले आहे असे समजू. पहिले काम पायथन बसविण्याचे. येथे आवृत्ती पाहून घ्यावी. जँगोच्या ५.० या डिसेंबर २०२३ मधील आवृत्तीस पायथन ३.१० किंवा त्यापुढील पायथन लागते. त्याहून जुन्या पायथनवर ती चालत नाही.

दुसरे काम अधिक महत्त्वाचे आहे. शाळेतील एका संगणकावर अनेक मुले आळीपाळीने बसतात. एकीचे पुस्तक जुने, दुसऱ्याचे नवे. जुन्या पुस्तकांत पत्ते नोंदविण्यासाठी ‘यूआरएल’ नावाचे एक फंक्शन शिकविलेले असते. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या जँगोच्या ४.० आवृत्तीतून ते काढून टाकण्यात आले. समजा, एका मुलाने सोमवारी संपूर्ण संगणकासाठी नवे जँगो बसविले. मंगळवारी जुन्या पुस्तकावरून शिकणारी मुलगी कामास बसली, तर तिने एक अक्षरही बदललेले नसताना तिचा प्रोग्रॅम बंद पडलेला असेल. दोष तिचा नव्हे, आणि त्या मुलाने काही अपराध केला असेही नव्हे. दोघांचे सामान एकाच कपाटात ठेवले गेले, एवढेच कारण.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक कामास स्वतंत्र कपाट. पायथनबरोबरच येणारे ‘वेन्व्ह’ हे साधन ते करून देते. २०१२ सालच्या पायथन ३.३ पासून ते उपलब्ध आहे. ते चालविले की आपल्या कामाच्या फोल्डरात एक नवे फोल्डर तयार होते, आणि त्या कामापुरते लागणारे सर्व साहित्य त्यातच राहते. कामास बसताना ते कपाट उघडावे लागते, म्हणजे ‘ॲक्टिव्हेट’ करावे लागते. ते उघडले की आज्ञा लिहावयाच्या ओळीच्या आरंभी त्याचे नाव कंसात दिसू लागते. नाव दिसत नसेल तर पुढे जाऊ नये, अशी सवय मुलांनी लावून घ्यावी.

मग ‘पिप’ या साधनाने जँगो आणावे, तेही आवृत्तीचा आकडा स्पष्ट लिहून. त्यानंतर ‘स्टार्टप्रोजेक्ट’ ही आज्ञा दिली की सांगाडा उभा राहतो. ‘मायग्रेट’ या आज्ञेने माहिती साठविण्याचे तक्ते तयार होतात, आणि ‘रनसर्व्हर’ म्हटले की तालमीचा सर्व्हर सुरू होतो. ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता व ८००० हा पोर्ट-क्रमांक लिहावा. अग्निबाणाचे चित्र दिसले की मांडणी जमली. या पत्त्याचा अर्थ ‘हाच संगणक’ असा आहे. म्हणून शेजारच्या संगणकावरूनही आपले काम दिसत नाही. येथे बिनधास्त चुकावे. मात्र हा सर्व्हर केवळ तालमीपुरता आहे. खऱ्या वापरास तो लावू नये, असे जँगोचे कर्तेच बजावतात.

आता ‘सेटिंग्ज’ नावाची फाइल उघडू. तिच्यात कालक्षेत्र म्हणून ‘यूटीसी’ लिहिलेले असते. भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे सकाळी ९ वाजता दिलेल्या पुस्तकाची वेळ पहाटे ३.३० अशी दिसेल. तेथे ‘आशिया/कोलकाता’ असे लिहिले की घड्याळ जुळते. भाषेच्या जागी मराठीची ‘एमआर’ ही खूण लिहिता येते. जँगोच्या भाषांच्या यादीत मराठीस स्थान आहे.

त्याच फाइलीत ‘डीबग’ नावाची एक कळ आहे. ती चालू असता, काही बिघडले तर कोणत्या फाइलीत, कोणत्या ओळीवर, कसे बिघडले याचा सविस्तर वृत्तान्त पडद्यावर येतो. शिकणाऱ्यास याहून चांगला गुरू नाही. परंतु हाच वृत्तान्त परक्याच्या हाती पडला, तर त्यास आपल्या घराचा नकाशाच मिळाला म्हणावयाचा. म्हणून प्रत्यक्ष प्रयोगाच्या वेळी ही कळ बंदच हवी. ‘सीक्रेट की’ म्हणून तेथे जी लांबलचक अक्षरे असतात, ती तालमीपुरतीच समजावी. खऱ्या सर्व्हरसाठी नवी घ्यावी आणि ती दुसऱ्यास द्यावयाच्या फाइलींत कधीही ठेवू नये.

माहिती साठविण्यासाठी जँगो आरंभी ‘एसक्यूलाइट’ वापरते. सर्व माहिती एकाच फाइलीत राहते आणि निराळे काही बसवावे लागत नाही. पण साम्याचा जो धर्म आम्ही वर सांगितला, त्याची कसोटी येथेच लागते. पुस्तकाच्या नावास १०० अक्षरांची मर्यादा घातली आणि प्रोग्रॅमने, फॉर्मच्या तपासणीशिवाय, १५० अक्षरांचे नाव थेट साठविले, तर एसक्यूलाइट ते मुकाट्याने ठेवून घेते. मोठ्या कामांस वापरतात ती ‘पोस्टग्रेस’ मात्र तेच नाव नाकारते. तालमीत उत्तम चाललेले काम प्रयोगात अडखळते ते असे. ज्यांचे ॲप्लिकेशन पुढे पोस्टग्रेसवर चालावयाचे आहे, त्यांनी वेळीच आपल्या संगणकावरही तीच बसवावी.

तालमीच्या माहितीत खऱ्या वर्गमित्रांची नावे, पत्ते वा फोन-क्रमांक घालू नयेत, ही आमची आग्रहाची सूचना आहे. मांडणी चुका करण्यासाठी आहे. पण एखाद्याची खासगी माहिती बाहेर गेली, तर ती चूक खोडरबराने पुसता येत नाही. कल्पित नावे कितीही मिळतात.

शेवटी एक प्रश्न मुले हमखास विचारतात : शाळेत केलेले काम घरी न्यावयाचे तर ते कपाट पेनड्राइव्हवर उचलून न्यावे काय? तसे करू नये. त्याच्या पोटात शाळेच्या संगणकावरील फोल्डरांचे पत्ते लिहिलेले असतात. दुसऱ्या यंत्रावर ते लागू पडत नाहीत. न्यावयाची ती आपण लिहिलेली फाइल आणि सामानाची यादी. ‘पिप फ्रीझ’ या आज्ञेने प्रत्येक वस्तूचे नाव व आवृत्ती मिळते. ती ‘रिक्वायरमेंट्स’ नावाच्या फाइलीत साठवावी. घरी नवे कपाट करावे आणि यादीप्रमाणे भरावे. काही मिनिटांचे काम.

ही यादी लिहिण्याचा कंटाळा करू नये. ‘माझ्या संगणकावर तर चालते!’ हे उत्तर पुढच्या वर्षी तेच काम हाती घेणाऱ्या मुलीच्या काहीच उपयोगाचे नाही. तिला तुमचा संगणक मिळणार नाही; तुमची यादी मात्र मिळू शकते. सोबत एका साध्या फाइलीत, कोणती आज्ञा कोणत्या क्रमाने द्यावी, हे शुद्ध मराठीत आठ-दहा ओळींत लिहून ठेवा. मग ती फाइल ज्यास यातले काही ठाऊक नाही अशा मित्राच्या हाती द्या आणि स्वतः गप्प बसा. त्याच्या पडद्यावर अग्निबाण दिसला, तर मांडणी खरोखर पुरी झाली असे समजावे.