एका तबकडीचे अनेक जन्म

एप्रिल १९२३मध्ये किंग ऑलिव्हरचा ताफा शिकागोहून इंडियाना राज्यातल्या रिचमंडला गेला, गेनेट कंपनीसाठी रेकॉर्ड करायला. गेनेट म्हणजे स्टार पियानो कारखान्याचाच एक विभाग. स्टुडिओ कारखान्याच्या आवारात आणि शेजारून रेल्वेचे रूळ गेलेले. गाडी आली की काम थांबवायचं. मायक्रोफोनचा जमाना यायचा होता. साऱ्यांनी एका मोठ्या कर्ण्याकडे तोंड करून वाजवायचं, त्या धक्क्यानं सुई थरथरायची आणि मेणाच्या तबकडीवर चर उमटायचा. ताफ्यात दुसरा कॉर्नेट वाजवायला एकवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग होता. त्याचा आवाज इतका भरदार, की त्याला बाकीच्यांच्या बराच मागे उभं करावं लागलं, असं जॅझचे इतिहासकार पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत.

एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तेवढ्यात राग बसवणाऱ्या आपल्याकडच्या गवयांनाही हे बंधन ठाऊक होतं. जॅझमध्ये मात्र आजचं वादन उद्या तसंच होत नाही आणि कागदावर लिहिलेलंही फारसं नसतं. त्यामुळे तबकडीवर जे उतरलं तेवढंच उरलं. आणि जे उतरलं त्यातलंही पुढं काय ऐकायला मिळणार हे ठरवलं ते कंपन्यांपेक्षा जुन्या रेकॉर्डींमागे लागलेल्या मूठभर लोकांनी. जॅझ घडवलं वादकांनीच, पण त्याचा इतिहास ज्या क्रमानं आज ऐकला जातो तो या मंडळींनी लावलेला आहे.

कंपन्यांना जुन्या मालात रस नव्हता. मंदीत अमेरिकेतला रेकॉर्डधंदा बसला, विसाच्या दशकातल्या तबकड्या बाजारातून नाहीशा झाल्या. न्यूयॉर्कमध्ये बेचाळिसाव्या रस्त्यावर मिल्ट गॅबलरच्या वडिलांचं दुकान होतं, कमोडोर. गिऱ्हाईक जुन्या जॅझ रेकॉर्डी मागतं आणि त्या कुठंच मिळत नाहीत, हे गॅबलरनं गल्ल्यावर बसून पाहिलं. तिशीच्या दशकाच्या मध्यावर त्यानं मोठ्या कंपन्यांकडच्या जुन्या साच्यांवरून रेकॉर्डी पुन्हा काढून घ्यायला सुरुवात केली. युनायटेड हॉट क्लब्ज ऑफ अमेरिका या लेबलाखाली त्या निघाल्या. लेबलवर त्यानं एक साधी गोष्ट छापली: कोण काय वाजवतंय. ट्रम्पेटवर अमका, क्लॅरिनेटवर तमका. तोवर ताफ्याच्या प्रमुखाचं नाव पुरे असायचं. एखाद्या कोपऱ्यातला ट्रॉम्बोनवाला इथून नावानिशी ओळखला जाऊ लागला.

हाच गॅबलर पुढे बिली हॉलिडेचं ‘स्ट्रेंज फ्रूट’ आपल्या कमोडोर लेबलवर काढणार होता. साल १९३९. तिच्या नेहमीच्या कंपनीला, कोलंबियाला, झाडावर लटकवलेल्या काळ्या माणसांवरचं ते गाणं नको होतं.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये शार्ल दलोने यानं १९३६ साली ‘हॉट डिस्कोग्राफी’ छापली. कोणती रेकॉर्ड, कधी, कुणी वाजवली, याची पुस्तकभर यादी. इंग्लंडच्या ब्रायन रस्टनं पुढे हे काम आणखी खोलात नेलं. जॅझचा पहिला पद्धतशीर दप्तरखाना असा अमेरिकेबाहेर उभा राहिला, यात अमेरिकनांनी लाजण्यासारखं थोडं आहेच.

अमेरिकेतही एक विद्यार्थी कंपन्यांच्या मागं लागला होता. येल विद्यापीठात शिकणारा जॉर्ज अवाकियन. १९४० साली कोलंबियानं त्याच्या हाती जुन्या जॅझच्या पुनर्प्रकाशनाची मालिका दिली. कंपनीच्या साठ्यात त्याला आर्मस्ट्राँगच्या अशा काही बाजू सापडल्या, ज्या कधी बाजारात आल्याच नव्हत्या. त्या बाहेर आल्या आणि दोनच वर्षांत युद्धानं सगळं अडवलं. तबकड्या बनायच्या लाखेच्या, आणि लाख यायची मुख्यतः हिंदुस्थानातून. १९४२मध्ये अमेरिकी सरकारनं युद्धाबाहेरच्या कामासाठी लाखेचा वापर सत्तर टक्क्यांनी कापला. नवी रेकॉर्ड हवी तर जुनी भंगारात द्या, असा दुकानांचा रिवाज पडला. भंगारात गेलेल्या त्या जुन्या रेकॉर्डींमध्ये काय काय होतं, याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

१९४८मध्ये लाँग-प्ले तबकडी (एलपी) आली आणि पुनर्प्रकाशनाला खरा आकार मिळाला. अवाकियननंच १९५१ साली आर्मस्ट्राँगच्या विशीतल्या कामाचे चार एलपी काढले. सुटे तीन-तीन मिनिटांचे तुकडे आता एका सलग कथेसारखे ऐकू येऊ लागले.

मग आला ब्लू नोटचा काळ, आणि संग्राहकांच्या वेडाला खरी धार आली. १९३९ साली आल्फ्रेड लायननं सुरू केलेल्या या लेबलचं ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डर करायचा, १९५९पर्यंत न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकमध्ये आईवडिलांच्या घरच्या दिवाणखान्यात. मूळ ब्लू नोट हाती आली की जाणता माणूस आधी गाणं ऐकत नाही. तो तबकडी उजेडात तिरकी धरतो आणि शेवटचा चर संपल्यावर लेबलपर्यंत जी कोरी पट्टी उरते ती न्याहाळतो. तिथं व्हॅन गेल्डरची आद्याक्षरं आहेत का? कानाच्या आकाराची खूण आहे का? हा ‘कान’ म्हणजे खरं तर प्लास्टिलाइट या छपाई कारखान्याचं ‘पी’ अक्षर. साठीच्या दशकाच्या मध्यावर ब्लू नोट लिबर्टी कंपनीला विकली गेली, कारखाना बदलला आणि कान गेला. त्या एवढ्याशा खुणेवर आज काही रेकॉर्डींची किंमत हजारो डॉलरांनी वरखाली होते. यात संगीत किती आणि सोनारकाम किती, असा प्रश्न पडला तर तो गैर नाही.

ब्लू नोटची तळघरं मात्र खरोखरच भरलेली होती. १९७५मध्ये निर्माता मायकेल कस्कुना तिथं पोचला. अनेक फितींच्या डब्यांवर ना गाण्याचं नाव, ना वादकांचं. वादकांना विचारून गोळा केलेल्या माहितीवर त्यानं एकेक मैफल ओळखून काढली. या मेहनतीतून ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं चार्ली लॉरीसोबत मोझेइक रेकॉर्ड्स ही कंपनी काढली. पहिला संच पियानोवादक थेलोनियस मंकच्या साऱ्या ब्लू नोट ध्वनिमुद्रणांचा. संच ठरावीक संख्येतच छापायचे, टपालानं विकायचे, सोबत ब्लू नोटच्या फ्रान्सिस वोल्फनं ध्वनिमुद्रणाच्या वेळी काढलेली छायाचित्रं आणि लांबलचक टिपणं. दुकानात न ठेवता धंदा चालतो, हे पाहून मोठ्या कंपन्यांनाही आपल्या गोदामांची आठवण झाली.

मोझेइकनं १९९०मध्ये काढलेला डीन बेनेडेटीचा संच मात्र वेगळ्याच जातीचा. बेनेडेटी स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा आणि चार्ली पार्करच्या नादानं झपाटला होता. १९४७-४८ मध्ये लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये यंत्र घेऊन जायचं, पार्कर वाजवू लागला की यंत्र चालू, तो थांबला की बंद. बाकीच्यांचं वादन त्यानं सरळ सोडून दिलं. तो १९५७मध्ये वारला आणि या ध्वनिमुद्रणांची पुढची तीस वर्षं दंतकथा झाली. ती शेवटी सापडली आणि ऐकणाऱ्यांच्या वाट्याला आलं एक विचित्र संगीत: सुरुवात नाही, शेवट नाही, नुसता पार्कर. सलग ऐकणं दमवणारं आहे. पण रोज रात्री तीच चाल हा माणूस किती वेगळी वळवायचा, हे दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डीवरून कळत नाही.

‘संपूर्ण’ या शब्दाचा मात्र पुढे अतिरेक झाला. सीडी आली, जागा वाढली, आणि फसलेल्या सुरुवाती, राहून गेलेले प्रयत्न, एकच गाणं पाठोपाठ तीनदा, असं सगळं छापलं जाऊ लागलं. अभ्यासकाला ते हवंच. जेवणानंतर निवांत ऐकायला बसलेल्याला नाही.

सीडीनं एक जुनी चूकही निस्तरली. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम १९५९ साली न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. २ मार्चच्या सत्रात मुख्य यंत्र किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे वाजवताना फीत जलद धावायची आणि पहिल्या बाजूची तिन्ही गाणी मूळ सुरापेक्षा जराशी चढी लागायची. रेकॉर्डीसोबत वाजवून शिकणारे तेहतीस वर्षं आपलीच वाद्यं पुन्हा पुन्हा जुळवत राहिले. दुसऱ्या, राखीव यंत्रावरची फीत बरोबर वेगाची होती. ती वापरून १९९२मध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली. जगात सर्वांत जास्त ऐकल्या गेलेल्या जॅझ रेकॉर्डींपैकी एकीची ही गत, तर अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांचं काय! त्यांचा वेग तर कंपनीगणिक बदलायचा. त्यासाठी जॉन आर. टी. डेव्हिस नावाचा इंग्रज तंत्रज्ञ आयुष्यभर राबला. चांगली प्रत मिळवायची, तिच्या चराला नेमकी बसेल अशी सुई निवडायची, फितीवरच्या टिकटिकीची जागा शोधून तिथला थर ब्लेडनं हलकेच खरवडायचा. आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह या ताफ्याचा त्यानं केलेला संच आजही अनेकांना मूळ कंपनीच्या संचापेक्षा सरस वाटतो.

मुंबईच्या जॅझला असा जॉन आर. टी. डेव्हिस लाभला नाही. तिशीच्या दशकात ताजमहाल हॉटेलात क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे काळे अमेरिकन वादक वाजवत होते. त्यांच्या पठडीतून गोव्याच्या हळदोण्याचा चिक चॉकलेट पुढे आला, जो सी. रामचंद्रांचं संगीत असलेल्या ‘अलबेला’ चित्रपटात ताफ्यासह पडद्यावर दिसतो. नरेश फर्नांडिस यांचं ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे पुस्तक २०१२ साली आलं, तेव्हा ही नावं पुन्हा लोकांसमोर आली.

फिती मात्र अजूनही सापडतच आहेत. मंक आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांची कार्नेगी हॉलमधली १९५७ची मैफल २००५मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साठ्यात मिळाली. कोल्ट्रेनचा १९६३चा हरवलेला अल्बम २०१८मध्ये निघाला, कारण त्याच्या पहिल्या बायकोच्या घरच्यांनी एक प्रत जपून ठेवली होती.

आता वाद हक्कांचा आहे. युरोपात १९६३पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क संपलेला आहे, त्यामुळे ‘काइंड ऑफ ब्लू’ तिथं कुणीही छापू शकतो. छापतातही: मूळ फीत नाही, दोन सीडींत चार अल्बम कोंबलेले, आणि बऱ्याचदा दुसऱ्यानं घासूनपुसून साफ केलेला आवाज जसाच्या तसा उचललेला. अमेरिकेत १९२३ आधीची ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ला एकदम मुक्त झाली, त्यात १९१७ सालची जॅझची पहिली रेकॉर्डही होती. ऑलिव्हरच्या १९२३च्या तबकड्या २०२४मध्ये सुटल्या. आर्मस्ट्राँगच्या ‘वेस्ट एंड ब्लूज’ची पाळी १ जानेवारी २०२९ला येईल.