वऱ्हाडातील फिरते लग्न-छायाचित्रण : तिथी, रस्ता आणि बाकी

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये स्थापन केलेल्या आश्रमामुळे महाराष्ट्रभर परिचित असलेले गुरुकुंज मोझरी हे तिवसा तालुक्यातील गाव अमरावती–नागपूर महामार्गावर, अमरावतीपासून सुमारे ३५ किलोमीटरवर वसलेले आहे. उत्तरेला मोर्शी–वरूडचा संत्र्याचा पट्टा, दक्षिणेला चांदूर रेल्वे आणि धामणगाव, पूर्वेला वर्धा नदीपलीकडे तळेगाव–कारंजामार्गे नागपूर, तर पश्चिमेला अमरावती ओलांडल्यावर मूर्तिजापूर आणि अकोला, अशी त्याची व्यापारी चतुःसीमा सांगता येते. ज्या धंद्याचे गिऱ्हाईक एका गावात मावत नाही त्याला अशी जागा मानवते, आणि लग्नाचे फोटो व व्हिडिओ काढण्याचा धंदा त्याच जातीचा आहे. येथे ‘फिरते’ याचा अर्थ दुकान नसलेले असा घ्यायचा नाही. बसथांब्याजवळ किंवा बाजारात एका शटरचा स्टुडिओ असतो, तेथे पासपोर्ट फोटो निघतात आणि फ्रेम विकल्या जातात, परंतु वर्षाचे खरे उत्पन्न शंभर-दीडशे किलोमीटरच्या परिघातील मांडवांत, लॉनवर आणि मंगल कार्यालयांत मिळते.

वऱ्हाडातील एकाच लग्नात पुष्कळदा दोन छायाचित्रकार असतात, एक नवरीकडचा आणि एक नवरदेवाकडचा. त्यांपैकी नवरदेवाकडचा वरातीबरोबरच निघतो, म्हणजे त्याच्या कामाचा आरंभच प्रवासाने होतो. नवरदेव आधी मारुतीच्या देवळात उतरतो, तेथून वाजतगाजत मांडवाकडे येतो, आणि या वाटेवर धुमाल पार्टीचा, म्हणजे वाजंत्र्यांच्या ताफ्याचा, आवाज, समोरून येणारा ट्रॅक्टर व नाचणाऱ्या मित्रांचे कोंडाळे यांच्यातून उलटे चालत चित्रण करावे लागते. धंद्यातील मंडळी कामाची दोन भागांत विभागणी करतात. विधी, नातेवाइकांचे गट आणि आहेर देणाऱ्यांची रांग यांची नोंद म्हणजे ‘ट्रॅडिशनल’. कोणालाही उभे न करता, नकळत टिपलेले भाव म्हणजे ‘कँडिड’. शहरी ग्राहक दुसऱ्यावर भाळतो, परंतु अल्बम घरी आल्यावर घरातील वडीलधारी माणसे पहिल्यात कोण सुटले ते शोधतात, आणि एखाद्या मामाचा किंवा थोरल्या जावयाचा फोटो नसेल तर तो दोष नवरीच्या कितीही सुंदर हास्याने भरून निघत नाही. म्हणून अनुभवी छायाचित्रकार लग्नापूर्वी घरातील एका जाणत्या माणसाला, बहुधा काकांना किंवा आत्याला, आपल्या मदतीला मागून घेतो आणि त्यांच्याकडून माणसे ओळखून घेतो.

सर्वांत अवघड क्षण अंतरपाट दूर होण्याचा. मंगलाष्टके संपताच पडदा बाजूला होतो, अक्षतांचा वर्षाव होतो, हार घातले जातात, आणि नेमक्या त्याच वेळी मंचावरील प्रत्येक हात मोबाइल घेऊन पुढे येतो. हा क्षण पुन्हा घडवून आणता येत नाही असे नाही, हार पुन्हा घालायला लावणारे छायाचित्रकार आहेतच. पण तसे केलेले चित्र पाहताक्षणी कळते. खरा उपाय आधीच्या बोलण्यात असतो: विधी सांगणाऱ्या भटजींना आणि अंतरपाट धरणाऱ्यांना कोणत्या बाजूला सरकायचे ते सांगून ठेवणे, एक कॅमेरा मंचाखालून व दुसरा वधूच्या खांद्यामागून लावणे, आणि एलईडी दिव्यांची लुकलुक चित्रात पट्टे पाडू नये म्हणून व्हिडिओचा शटर-वेग आपल्याकडील ५० हर्ट्झ विजेशी जुळणारा, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग, ठेवणे. बौद्ध विवाहात अंतरपाट नसतो, पण अडचण वेगळी असते. वधूवरांची वस्त्रे पांढरी, मागे पांढरा पडदा, अशा दृश्यात कॅमेऱ्याचे प्रकाशमापक उजेड प्रत्यक्षापेक्षा जास्त समजते आणि चित्र काळपट उतरते. त्यामुळे उजेडाचा हिशेब हाताने वाढवून घ्यावा लागतो.

उन्हाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. मे महिन्यात अमरावती-अकोल्याचा पारा ४४ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही, आणि लग्नात वापरल्या जाणाऱ्या लहान ड्रोनपैकी बहुतेकांसाठी उत्पादकांनी सांगितलेली वापराची कमाल मर्यादा ४० अंश आहे. भर दुपारच्या मुहूर्तावर ड्रोन उडवण्याचे वचन देणारा छायाचित्रकार यंत्राचा आणि खाली बसलेल्या पंगतीचा, दोहोंचा धोका पत्करतो. शिवाय ‘ड्रोन नियम, २०२१’ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतच्या, म्हणजे ‘नॅनो’ वर्गातील ड्रोनला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही, परंतु त्याहून जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा असेल तर ते लागते. आणि फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी असल्याने बिघडलेले यंत्र बदलणेही पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. गोरज मुहूर्ताचे, म्हणजे सूर्यास्ताच्या सुमाराचे लग्न हे या दृष्टीने वरदान: उजेड मऊ, ऊन उतरलेले, आणि पाहुण्यांचे चेहरेही सुसह्य.

तथापि या धंद्याचे भवितव्य कॅमेऱ्यापेक्षा पंचांगावर अधिक अवलंबून असते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि आषाढात चातुर्मास लागल्यावर थांबतात. मध्ये धनुर्मासाचा खंड पडतो. गुरू किंवा शुक्र अस्तंगत असताना, म्हणजे सूर्याच्या सान्निध्यामुळे आकाशात दिसत नसताना, मुहूर्त काढले जात नाहीत. आणि अधिक महिना सर्वस्वी वर्ज्य. २०२४ च्या मे महिन्यात दोन्ही ग्रहांचा अस्त एकत्र आल्याने ऐन उन्हाळ्याची लगनसराई जवळजवळ कोरडी गेली, तर २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ. शेतीचे चक्रही याच्याशी जोडलेले आहे, कारण सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे विकले जाते, कापूस त्यानंतर टप्प्याटप्प्याने घरात येतो, आणि लग्नाचा खर्च त्या पैशातून उभा राहतो. उरलेल्या मोजक्या तिथींना सर्वांचीच लग्ने येतात. एका तिथीला पाच जण विचारणा करतात आणि नंतरचे तीन आठवडे कोणी फिरकत नाही.

ही कोंडी फोडणारा एक मार्ग वऱ्हाडाच्या समाजरचनेतच आहे, आणि तो पुरेसा ओळखला गेलेला नाही. बौद्ध विवाह मुहूर्तावर अवलंबून नसल्यामुळे ते बहुधा रविवारी किंवा सुटीच्या दिवशी लावले जातात. मुस्लिम समाजातील निकाह रमजान आणि मोहरम सांभाळून वेगळ्याच दिनदर्शिकेने चालतात. जो छायाचित्रकार हिंदू, बौद्ध आणि मुस्लिम या तिन्ही समाजांच्या रीती जाणतो, निकाहात कबुलीच्या वेळी कोणत्या बाजूला कॅमेरा न्यायचा नाही आणि बौद्ध विवाहात त्रिशरण-पंचशील चालू असताना फ्लॅश का टाळायचा हे ज्याला सांगावे लागत नाही, त्याचे वर्ष इतरांपेक्षा सलग भरते. येथे सामाजिक सभ्यता आणि व्यावहारिक शहाणपण एकाच बाजूला येतात.

प्रवासाचा खर्च हा हिशेबातील सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. केवळ समजण्यासाठी असे धरू की हळद आणि लग्न अशा दोन दिवसांचे काम ६०,००० रुपयांना ठरले. कँडिड आणि व्हिडिओसाठी बाहेरून घेतलेल्या दोघांचे दोन दिवसांचे मिळून २२,०००, गाडी व टोल ३,०००, अल्बमची छपाई व बांधणी ९,०००, व्हिडिओचे संपादन (ज्याला जुनी मंडळी अजूनही ‘मिक्सिंग’ म्हणतात) ८,०००, चहापाणी व मुक्काम १,००० रुपये. सहा लाखांची यंत्रसामग्री चार वर्षांत जुनी होते असे मानून वर्षाची दीड लाखांची घट तीस लग्नांवर वाटली तर प्रत्येकी ५,०००. हे सर्व ४८,००० झाले आणि १२,००० उरले. हे बारा हजार दोन दिवसांचे नाहीत. फोटो निवडणे, अल्बमची मांडणी, दुरुस्त्या आणि ग्राहकाच्या फेऱ्या धरून सहा दिवसांचे आहेत. तीस लग्नांचे ३,६०,००० झाले, तरी त्यातून दुकानाचे भाडे महिना ६,००० प्रमाणे ७२,००० गेले, आणि तीन ठिकाणी शेवटचा वीस हजारांचा हप्ता बुडाला तर हाती सव्वादोन लाखांच्या आसपासच राहतात. याच उदाहरणात उलाढाल १८ लाख आहे. आणखी चार लग्ने घेतली की सेवा व्यवसायासाठी असलेली २० लाखांची जीएसटी मर्यादा ओलांडली जाते आणि १८ टक्के कर लागू होतो, जो लग्नघराला कोठेही वळता करून घेता येत नाही. अधिक कामे म्हणजे अधिक नफा हे गृहीत किती फसवे आहे, ते यावरून दिसावे.

समृद्धी महामार्ग धामणगाव आणि नांदगाव खंडेश्वरच्या बाजूने गेल्याने अंतरे कमी झाली आहेत हे खरे, पण त्यावर दुचाकीला प्रवेश नाही, आणि नवशिक्या छायाचित्रकाराची सारी सामग्री दुचाकीवरच असते. त्यामुळे गाडी घेईपर्यंत तालुका व शेजारचा तालुका एवढेच क्षेत्र धरणे हिताचे. चिखलदऱ्याला किंवा अप्पर वर्धा धरणावर ‘प्री-वेडिंग’, म्हणजे लग्नापूर्वीचे हौशी चित्रण, करायला जाणे आकर्षक असते. त्याची वेगळी किंमत न लावता ते पॅकेजमध्ये ‘फुकट’ टाकण्याची प्रथा मात्र धंद्याला खाते.

जाहिरातीविषयी बोलताना इन्स्टाग्रामवरील रील आणि व्हॉट्सॲप स्टेटस यांचा उल्लेख अपरिहार्य आहे, आणि नवरा-नवरी छायाचित्रकाराला प्रथम तेथेच पाहतात यातही शंका नाही. पण निर्णय व पैसे वडिलांच्या पिढीकडे असतात आणि ती पिढी विचारणा करते ती बिछायत केंद्रवाल्याकडे, म्हणजे मांडव-सजावट पुरवणाऱ्याकडे, पत्रिका छापणाऱ्याकडे, आचाऱ्याकडे, नाहीतर ज्याच्या घरी गेल्या वर्षी लग्न झाले त्या सोयऱ्याकडे. या साखळीत कमिशन देऊन शिरता येते. टिकून राहता येते ते वेळेवर दिलेल्या अल्बमने. करिझ्मा अल्बम, म्हणजे जोडपानांवर छापून पक्क्या बांधणीत दिलेला जाड अल्बम, नवरीच्या सासरी टेबलावर ठेवला जातो, येणारा प्रत्येक पाहुणा तो चाळतो, आणि त्याच्या मागील पानावर स्टुडिओचे नाव व फोन क्रमांक असतो. हा अल्बम दीड महिन्यात पोचला तर नवी नवरी माहेरी-सासरी ये-जा करत असतानाच तो शंभर घरांत बोलला जातो. आठ महिन्यांनी पोचला तर तो कपाटात जातो. वऱ्हाडात या धंद्याची याहून प्रभावी जाहिरात अद्याप निघालेली नाही, आणि तिचा खर्च ग्राहकानेच आधी दिलेला असतो.

मोझरीच्या बाबतीत एक प्रश्न टाळता येत नाही. १९५५ मध्ये सिद्ध झालेल्या, एकेचाळीस अध्यायांच्या ‘ग्रामगीते’त तुकडोजी महाराजांनी लग्नातील उधळपट्टी आणि हुंडा यांवर कठोर टीका केली असून, या परिसरात साध्या पद्धतीने, सामुदायिक प्रार्थनेच्या जोडीने लागणाऱ्या विवाहांना आजही मान आहे. मग लग्नाच्या थाटावर जगणाऱ्या धंद्याने येथे काय करावे? हिशेब मांडला तर उत्तर अनपेक्षित येते. तीन तासांचा साधा विवाह, एक छायाचित्रकार, एक मदतनीस, लहान अल्बम, मुक्काम नाही, ड्रोन नाही; किंमत कमी, पण बाहेरच्या माणसांवरचा आणि गाडीवरचा खर्च जवळजवळ नाहीसा होतो, आणि प्रत्येक कामाच्या दिवसामागे उरणारी रक्कम थाटाच्या लग्नाच्या जवळ जाते. शिवाय अगदी साध्या विवाहालाही फोटो लागतोच, कारण ग्रामपंचायतीत विवाहनोंदणी करताना पत्रिकेबरोबर लग्नाचा फोटो मागितला जातो. अशा विवाहांसाठी ठरलेल्या दराचे वेगळे पत्रक काढणारा स्टुडिओ संतवचनाला जागतो आणि आपली रिकामी तिथीही भरतो.

लेखी करार हा या धंद्यातील सर्वांत अप्रिय विषय, कारण ओळखीच्या माणसाकडे कागद मागणे अवघड वाटते. परंतु कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढून घेणारा ग्राहक असतो. म्हणजे स्टुडिओने आपल्या पानावर नवरीचा फोटो टाकण्यासाठीही आधी लेखी संमती घेतलेली असावी. त्याच कागदावर हप्ते नोंदवावेत: तारीख धरताना इसार, लग्नाच्या दिवशी मोठा हिस्सा, आणि अल्बम हाती देण्यापूर्वी उरलेली रक्कम, पण ती इतकी लहान असावी की बुडाली तरी नफाच बुडेल, खर्च नव्हे. कापसाचे भाव पडले की सर्वांत आधी थकते ती छायाचित्रकाराची बाकी.

लग्नघरांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मूळ फोटो आणि व्हिडिओ स्टुडिओच्या हार्ड डिस्कवर कायम राहत नाहीत. पुढचा हंगाम आला की जागा करण्यासाठी ते पुसले जातात, आणि तसे करणे गैरही नाही. अल्बम आणताना पेन ड्राइव्ह किंवा डिस्क सोबत न्यावी, सर्व मूळ फाइल मागून घ्याव्यात, आणि त्यांची दुसरी प्रत त्याच महिन्यात वेगळ्या घरी ठेवून द्यावी.